थांबलेल्या गाडीचा वारा

चढ चढून आलेली मोटरसायकल बंद केली तरी लगेच गप्प होत नाही. इंजिनाचं ॲल्युमिनियम निवताना टकटक असा बारीक आवाज करत राहतं. सायलेन्सरवर उडालेला चिखल वाळून त्याच्या खपल्या पडायला लागतात. रेडिएटरच्या झाकणाखालून निघालेल्या नळीतून हिरवं पाणी थेंबथेंब मातीवर पडतं, आणि त्या पाण्याला गोडसर वास असतो. भाच्याची गाडी पन्हाळ्याच्या अंगाला, त्याच्या मित्राच्या खासगी माळावर अशी उभी राहिली की मी आधी त्या थेंबांवर पायानं माती लोटतो. कूलंटमध्ये ग्लायकॉल असतं. त्याच्या गोडीनं कुत्री ते चाटतात आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. माळावर राखणीची कुत्री आहेत.

माती लोटून झाली की मग गाडीकडे बघतो. बाहेरच्या देशात बनलेली, इथं वापरलेली मिळालेली, २५० सीसीची टू-स्ट्रोक एन्ड्युरो. अंगानं सडपातळ, चाकं उंच, सीट माझ्या कमरेच्याही वर. ती रस्त्यावर चालवत नाहीत, टेम्पोत घालून माळावर नेतात. टाकीच्या खाली, दोन्ही बाजूंना वीतभर उंचीचे दोन रेडिएटर. त्यांच्या बारीक पाकळ्यांतून वारा आरपार जावा अशी त्यांची रचना. दोन्ही रेडिएटर, नळ्या आणि इंजिनाची पोकळी मिळून सव्वा लिटरच्या आसपास पाणी मावत असेल. एवढ्याशा पाण्यावर केवढी जबाबदारी! जाळलेल्या पेट्रोलमधली ढोबळमानानं पाव ताकद चाकापर्यंत पोचते. उरलेली बहुतेक उष्णता होते. त्यातली काही धुराड्यातून निघून जाते आणि मोठा वाटा या पाण्याच्या अंगावर येतो. पाणी तो रेडिएटरपर्यंत वाहून आणतं आणि वाऱ्याच्या हवाली करतं.

पण वारा कुठून यायचा? गाडी बनवणाऱ्यानं ते उत्तर गृहीत धरलेलं असतं. गाडी पळेल, म्हणजे वारा येईल. पंखा द्यायची गरजच काय? त्याचं वजन, त्याची वीज, चिखलात त्याची पाती मोडण्याची भीती, हे सगळं वाचवलं आणि गाडी हलकी ठेवली. त्यात त्याचं चुकलं असं मला वाटत नाही. ज्या मैदानावर ती गाडी पळावी असं त्याच्या डोळ्यांसमोर होतं, तिथं ती कधी थांबतच नाही.

या गाड्यांची तीन घराणी शेजारी शेजारी ठेवून बघितली की गंमत कळते. मोटोक्रॉसची गाडी आखलेल्या ट्रॅकवर उड्या मारत सुसाट जाते. तिला पंखा नसतो, दिवा नसतो, आरसा नसतो. ट्रायल्सची गाडी याच्या अगदी उलट. खडक, ओढे, ओंडके यांवरून पाय न टेकता इंचाइंचानं जायचं, हाच तो खेळ. माणूस चालेल त्याहून ती हळू चालते, कधी जागच्या जागी तोल सावरत उभी राहते. आणि पाण्यानं थंड होणाऱ्या ट्रायल्सच्या गाडीला कारखान्यातूनच विजेचा पंखा बसवून येतो. म्हणजे सर्वांत चपळ गाडीला पंखा नाही आणि सर्वांत संथ गाडीला तो जन्मापासून आहे. एन्ड्युरो या दोघींच्या मधली. तिला लांबचा पल्लाही गाठायचा असतो आणि वाटेतले खडकही चढायचे असतात. म्हणून पंख्याचा प्रश्न खऱ्या अर्थानं तिचाच. काही गाड्यांना तो येतो, काहींना वेगळा विकत घेऊन बसवावा लागतो, आणि कित्येक जुन्या गाड्यांच्या मालकांना तो स्वतःच्या हातानं जुळवावा लागतो.

आमच्याकडचे डोंगर तर सरळ सरळ संथ गाडीच्या बाजूचे. वर पठारावर सपाट कातळ, त्याच्या कडेला एकदम उतार, उतारावर कारवीचं रान आणि सुटे धोंडे. जांभ्याची लाल माती उन्हाळ्यात भुग्यासारखी सरकते आणि पावसाळ्यात टायरच्या खाचा बुजवून टाकते. पहिल्या गिअरमध्ये, अर्धा क्लच दाबून, इंजिन गुरगुरत ठेवून मिनिटामिनिटानं वर सरकावं लागतं. इंजिन पूर्ण जोर लावत असतं आणि गाडी जवळजवळ जागेवर असते. उष्णता सगळी, वारा काहीच नाही. मे महिन्यात हवाच चाळिशीच्या घरात गेलेली असते. पाण्याचा काटा चढत जातो आणि शेवटी झाकण आपली स्प्रिंग उचलून वाफेला वाट करून देतं.

ते झाकण म्हणजे या सगळ्या व्यवस्थेतली मला सर्वांत आवडणारी वस्तू. त्यावर १.१ असा आकडा छापलेला असतो. बाहेरच्या हवेपेक्षा १.१ बार जास्त दाब ते आत धरून ठेवतं. उघड्या भांड्यात १०० अंशांना उकळणारं साधं पाणी त्या दाबाखाली १२० अंश ओलांडेपर्यंत उकळत नाही. याच्या उलट, लेहसारख्या साडेतीन हजार मीटर उंचीवरच्या गावात उघडं पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. उकळणं हा पाण्याचा एकट्याचा निर्णय नाही, वरून किती दाब आहे यावर तो ठरतो. पण दाबालाही मर्यादा असते. एकदा वाफ झाली की ती धातूच्या भिंतीवरून उष्णता पाण्यासारखी ओढून घेऊ शकत नाही. मग सिलिंडरचा एखादा कोपरा कोरडा तापतो, पिस्टन फुगतो आणि जागेवर आवळला जातो. मिस्त्री त्याला ‘गाडी पकडली’ म्हणतात.

पाण्याची मोटरसायकल ही तशी नवी कल्पना नव्हे. इंग्लंडात यॉर्कशायरच्या शिपली गावात आल्फ्रेड अँगस स्कॉट नावाच्या माणसानं पहिल्या महायुद्धाच्याही आधी पाण्यानं थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक गाड्या बनवल्या. त्यांत पाणी फिरवायला पंपसुद्धा नव्हता. तापलेलं पाणी हलकं होऊन आपसूक वर चढायचं, निवलेलं जड होऊन खाली यायचं, आणि त्या चढउतारावरच सगळं भागायचं. या गाड्यांनी १९१२ आणि १९१३ साली आइल ऑफ मॅनची मानाची सीनियर टीटी शर्यत जिंकली. मला मात्र त्या शर्यतींपेक्षा १९१४ सालची गोष्ट जास्त भावते. त्या वर्षी स्कॉटनं आपल्या कारखान्यातल्या कामगारांना आव्हान दिलं : शिपलीहून निघायचं, माळरानं आणि ओढे तुडवत बर्नसॉल गाठायचं. त्यातून स्कॉट ट्रायल सुरू झाली आणि ती आजही होते. तिचे नियम विलक्षण आहेत. अवघड टप्प्यावर पाय टेकला की गुण जातात, आणि सर्वांत जलद आलेल्यापेक्षा जितका उशीर होईल तितके गुण त्याचेही जातात. संथपणा आणि वेग दोन्ही एकाच माणसाकडून मागणारी ही परीक्षा.

ऑस्ट्रियात आयझेनएर्झ इथं लोखंडाच्या खाणीचा एक अख्खा डोंगर आहे, पायऱ्यापायऱ्यांनी कापलेला. तिथं १९९५ पासून एर्झबर्ग रोडिओ ही स्पर्धा भरते. अंतिम फेरीला ५०० स्वार सुटतात, चार तासांची मुदत असते, आणि शेवटपर्यंत पोचणारे अगदी थोडे. अशा ठिकाणी वेगवान मोटोक्रॉसवाल्यांची सद्दी असेल असं कुणालाही वाटेल. पण २००७ पासून सलग पाच वर्षं ती जिंकली तादेउश ब्लाझुसियाक या पोलिश स्वारानं, जो ट्रायल्समधून आला होता. त्याच्यानंतर ती पुन्हा पुन्हा जिंकली ग्रॅहम जार्विसनं. तोही ट्रायल्सचाच, यॉर्कशायरची ती स्कॉट ट्रायल अनेकदा जिंकलेला. मोठमोठ्या धोंड्यांच्या उतरंडीवर जिथं बाकीचे घामाघूम होऊन गाड्या ढकलत असतात आणि रेडिएटरमधून वाफा निघत असतात, तिथं ही हळू चालायला शिकलेली माणसं पुढं निघून गेली. अशा स्पर्धांच्या गाड्यांवर रेडिएटरमागे पंखा दिसला की मला त्यात नवल वाटत नाही.

भाच्यानं पंख्याचं काम माझ्याकडे आणलं, कारण माझं लहानपण मोटरी भरण्याच्या दुकानात गेलं. उद्यमनगरात माझ्या मामांचं दुकान होतं. ऊसपट्ट्यातल्या जळालेल्या पाण्याच्या मोटरी तिथं भरायला यायच्या. दारात कळकट मोटरींची रांग, आत तांब्याच्या तारेची रिळं, वार्निशचा उग्र वास, आणि बाकड्यावर डोक्याला टॉवेल गुंडाळून बसलेला कुणीतरी शेतकरी, ‘संध्याकाळपर्यंत मिळंल नव्हं?’ असं अधूनमधून विचारणारा. पंचगंगेला पूर येऊन गेला की दुकानात पाय ठेवायला जागा नसे. मोटरीतून गाळ निघायचा, कधी त्यात शिंपले असायचे. मामा जळकं वाइंडिंग ठोकून बाहेर काढायचे, त्याचे वेढे मोजायचे, तारेची जाडी मायक्रोमीटरवर बघायचे आणि पाठकोऱ्या कागदावर लिहून ठेवायचे. पाठ्यपुस्तकात मी नंतर जे वाचलं ते त्यांनी मला एका वाक्यात आधीच सांगितलं होतं : ‘मोटर फिरत असली की स्वतःला सांभाळते, अडकली की जळते.’

त्यामागचं कारण सुंदर आहे. फिरणारी मोटर फिरता फिरता स्वतःही वीज तयार करते, आणि ती वीज येणाऱ्या विजेच्या उलट ढकलते. त्यामुळे आत शिरणारा करंट आवाक्यात राहतो. पातं गाळात रुतलं आणि मोटर थांबली की हा उलटा दाब संपतो. मग करंटाला अडवणारं कुणी उरत नाही, तो कित्येक पटीनं आत घुसतो, इनॅमल जळतं आणि तोच वास सगळ्या शिवारात पसरतो. रेडिएटरच्या पंख्यातही मोटरच, मुठीएवढी. चिखलाचा गोळा पात्यात अडकला की तिचंही तेच होणार. म्हणून पंख्याच्या वायरीत फ्यूज हवाच, आणि तो पंख्याच्या चालू करंटापेक्षा थोडाच वरचा हवा. हाताला येईल तो घालून चालत नाही.

खरी मेहनत होती ती वीज मिळवण्याची. या गाडीला किक होती, सेल्फ नव्हता, म्हणून बॅटरीही नव्हती. इंजिनाच्या डाव्या बाजूला मॅग्नेट फिरतो, त्याच्या आतल्या कॉइल प्लेटवर एक कॉइल ठिणगीसाठी आणि एक दिव्यासाठी. दिव्याची वीज एसी, दिशा सतत बदलणारी. बल्बला दिशेशी देणंघेणं नसतं, त्याला नुसतं तापायचं असतं. पंख्याची मोटर डीसीची. तिला एसी दिली तर ती जागेवर थरथरते आणि तापते, फिरत नाही. मग मध्ये रेक्टिफायर आला, ज्याला आमचे मिस्त्री कटआउट म्हणतात. आणि तिथंच खरी मेख होती. दिव्याच्या कॉइलचं एक टोक कारखान्यातूनच लोखंडी गाभ्याला, म्हणजे पर्यायानं चेसीला जोडलेलं असतं. ते तसंच ठेवलं तर येणाऱ्या लाटेचा अर्धाच भाग कामी येतो, उरलेला अर्धा वाया जातो. आधीच वीज तोकडी, त्यातली अर्धी सोडून कशी द्यायची?

मिस्त्रींनी पुलर लावून मॅग्नेट काढला. कॉइल प्लेट माझ्या हातात दिली आणि म्हणाले, ‘आता हे तुमचं खातं.’ खिडकीच्या उजेडात प्लेट फिरवत ते टोक शोधलं. वार्निशखाली गाभ्याच्या एका कोपऱ्यावर सोल्डरचा लहानसा मणी होता आणि त्यात तार बुडालेली होती. सोल्डरिंग आयर्न टेकवलं, मणी चकाकला, पातळ झाला, आणि तार चिमट्यानं हलकेच उचलून घेतली. तिच्यावरचं इनॅमल शाबूत राहायला हवं होतं, कारण तिच्यात ओढायला लांबी शिल्लक नसते. तिला नवी, उष्णता सोसणारी वायर जोडली, जोडावर बाही चढवली, मेणदोऱ्यानं इतर वेढ्यांशी बांधली आणि वर इपॉक्सीचा थर दिला. मॅग्नेटचं चाक मिनिटाला हजारो फेरे मारत या जोडाच्या अगदी जवळून जाणार होतं. मग मल्टिमीटरचं एक टोक तारेवर, दुसरं गाभ्यावर ठेवलं. काटा हलला नाही. कॉइल आता चेसीपासून सुटी झाली होती, तिची दोन्ही टोकं मोकळी होती, आणि पूर्ण लाट आपल्या हातात आली होती. मिस्त्री म्हणाले, ‘झालं की.’ त्या दोन शब्दांत त्यांची पसंती होती.

पुढचा हिशेब वाटणीचा. मॅग्नेट जितका जोरात फिरतो तितकी वीज जास्त. गाडी पळताना वीज भरपूर, पण तेव्हा पंख्याची गरज नाही, वारा आहेच. गाडी खडकात अडकून मंद गुरगुरते तेव्हा पंखा हवा असतो, आणि नेमकी तेव्हाच वीज कमी येते. मला वाटतं, या सगळ्या कामात जर कुठं विचार करायला लावणारी जागा असेल तर ती ही. ज्याच्याकडे वेग आहे त्याला वारा फुकट मिळतो आणि वीजही. जो अडला आहे त्याला वारा तयार करावा लागतो, तोही कमी पडणाऱ्या विजेतून. आमच्या भागातल्या शेतकऱ्याला हे नव्यानं सांगायला नको. शेतीच्या फीडरला काही दिवस दिवसा वीज, काही दिवस रात्री. पिकाला पाणी कधी हवं हे पीक ठरवतं आणि मोटर कधी चालेल हे वेळापत्रक ठरवतं.

आम्ही दोन गोष्टी केल्या. समोरचा ३५ वॅटचा हॅलोजन काढून त्या जागी थोडक्या वॅटचा एलईडी बसवला, म्हणजे दिव्याच्या वाट्यातून पंख्याचा वाटा निघाला. असा पंखा अडीच-तीन अँपिअर घेतो. बारा व्होल्टनं गुणलं तर ३०-३५ वॅट. दिव्यानं जे सोडलं त्यात त्याचं बरंचसं भागलं. आणि सीटखाली, शंभर सीसीच्या गाड्यांना असते तशी बारा व्होल्टची छोटी बॅटरी बसवली. चढावर पंख्याला कमी पडलेलं ती उसनं देते आणि पठारावर गाडी सुटली की परत घेते. गाडीला किल्ली नाही, म्हणून बॅटरी तोडणारा एक स्विच सीटच्या कडेला ठेवला.

पंखा बसवला तो एकाच रेडिएटरवर, सायलेन्सरचा फुगीर पाइप ज्या बाजूला नाही त्या बाजूला. रेडिएटरच्या मागच्या अंगाला, त्याच्या पाकळ्यांना पंख्याची चौकट घासणार नाही अशा बेतानं, रबरी बुशांवर. पाकळ्या इतक्या नाजूक की नखानं वाकतात, आणि वाकलेली प्रत्येक पाकळी तेवढा वारा अडवते. भाचा टोकदार लाकडी काडीनं एकेक पाकळी सरळ करत बसला होता. एरवी हातात फोन नसला की अस्वस्थ होणारा मुलगा, पण त्या वेळी त्याला उठवू नये असं वाटलं. पंख्याची दिशा तपासायची रीत सोपी आहे. पंखा चालू करायचा आणि रेडिएटरच्या पुढच्या बाजूला कागदाचा कपटा धरायचा. कपटा जाळीला चिकटून राहिला तर पंखा पुढून मागे हवा ओढतोय, गाडी चालताना वारा जातो त्याच दिशेनं. कपटा उडून गेला तर वायरी उलट्या आहेत. अशा पंख्याची आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याची मध्येच टक्कर होते आणि दोघांचंही काम वाया जातं. जुन्या पंचांगाचा एक तुकडा मिस्त्रींनी धरला आणि तो जाळीला चिकटून बसला.

रिले आणला शहरातल्या स्पेअर पार्टच्या दुकानातून. काळा चौकोनी डबा, खाली चार पाती, प्रत्येकावर आकडा : ३०, ८५, ८६, ८७. हे आकडे जर्मनांच्या एका जुन्या मानकातून आले आणि ट्रकपासून स्कूटरपर्यंत सगळीकडे तेच चालतात. ३० म्हणजे बॅटरीकडून थेट आलेली धन वायर, ८७ म्हणजे पुढे पंख्याकडे जाणारी, ८५ आणि ८६ मध्ये आतली कॉइल. त्या कॉइलला एका अँपिअरचा जेमतेम सहावा-सातवा हिस्सा पुरतो. तेवढ्या इशाऱ्यावर ती आतलं पातं ओढून घेते आणि मोठा करंट सोडते. एवढ्याशा पंख्याला रिले नसता तरी चाललं असतं, थर्मोस्विचनं तो भार थेट पेलला असता. पण स्विचच्या आतली टोकं दर वेळी ठिणगी सोसत झिजतात, आणि डोंगरात झिजलेला स्विच बदलायला कुणी बसलेलं नसतं.

थर्मोस्विच म्हणजे पाण्याच्या नळीत बसणारा पितळी नट. रबरी नळी मधोमध कापून तिथं ॲल्युमिनियमचा तुकडा घालायचा, दोन्ही बाजूंना क्लिपा आवळायच्या आणि त्या तुकड्यात हा नट फिरवायचा. आत दोन धातूंची एकत्र जोडलेली चकती असते. दोन्ही धातू सारखे फुगत नाहीत, म्हणून ८५ ते ९० अंशांच्या दरम्यान ती चकती टचकन उलटते आणि वीज जोडली जाते. पाणी काही अंशांनी निवलं की ती परत आपल्या जागी येते. मला तिचं फार कौतुक वाटतं. तिला काही मोजता येत नाही, ती नुसती तापते आणि वळते. पण पंखा कधी लागायचा हे तिच्याहून नेमकं कुणाला कळत नाही. इथं एक बारकावा लक्षात ठेवावा लागतो. एका पात्याच्या थर्मोस्विचची दुसरी बाजू म्हणजे त्याचं स्वतःचं अंग. मोटारीत ते इंजिनाच्या धातूत बसतं म्हणून अर्थिंग आपोआप मिळतं. इथं दोन्ही बाजूंना रबर आहे, तेव्हा त्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यापासून चेसीपर्यंत वेगळी वायर न्यावी लागते, आणि चेसीवर ती जिथं बसणार तिथला रंग घासून खालचं लोखंड उघडं करावं लागतं.

भाच्याचं म्हणणं होतं, हे सगळं कशाला, हँडलवर एक बटण द्या, मला वाटेल तेव्हा पंखा लावीन. परदेशातले बरेच स्वार तसं करतात. मिस्त्री ऐकून घेत होते. म्हणाले, ‘तुला वाटंल तेव्हा तू दमलेला असशील. दमलेल्या माणसाला काय वाटतंय ते खरं नसतं.’ मला हे फार पटलं. खडकात गाडी आडवी पडली आहे, गॉगलमध्ये घाम उतरलाय, दंड भरून आलेत, अशा वेळी पाण्याच्या तापमानाची आठवण ठेवणं ही त्या माणसाकडून जरा जास्तच अपेक्षा आहे. जे काम धातूची एक चकती करू शकते ते काम दमलेल्या माणसाच्या डोक्यावर टाकू नये.

पंखा लागल्यापासून माळावरचं चित्र मी बघत आलो आहे. पुढे जाऊन वर पोचणारी गाडी सहसा तापत नाही. तापते ती मधल्या एखाद्या वळणावर थांबलेली. कुणाची तरी गाडी चरात गेलेली असते, कुणीतरी खाली उतरून तिचं मागचं चाक उचलत असतो, आणि त्याची स्वतःची गाडी दगडाला टेकवून, इंजिन चालू ठेवून, उन्हात उभी असते, कारण चढावर ती बंद केली तर किक मारून पुन्हा सुरू करणं अवघड. गाडी तापवणारा खरा प्रसंग हा : दुसऱ्यासाठी थांबणं. एकटा माणूस आपल्या लयीत निघून गेला तर त्याला पंखा लागणारच नाही. त्या वळणावर रिले ‘टक’ करतो, पंख्याची सूं अशी घरघर सुरू होते, आणि खाली वाकलेला भाचा मागे वळूनही न बघता दुसऱ्याच्या गाडीला खांदा लावत राहतो. त्याची नजर आता स्वतःच्या गाडीवर नसते. ही मोकळीक ३० वॅटची आहे.

शहरात सिग्नलला उभ्या असलेल्या ड्यूक मोटरसायकलमधून हाच आवाज येतो, आणि गुडघ्यांवर गरम झोत आला म्हणून चालवणारे वैतागतात. मला तो आवाज आवडतो. गर्दीत अडकलेल्या गाडीला पंखा लागणार हे तिच्या बनवणाऱ्यांनी ओळखलं, कारण आपल्याकडे गाडी थांबते हे त्यांना दिसत होतं. डोंगरातही गाडी थांबते. माणसं डोंगरात एकमेकांसाठीच थांबतात.

कुणी वाचक आपल्या गाडीला असा पंखा बसवणार असेल, तर बटणाच्या नादी न लागता थर्मोस्विच बसवावा. फ्यूज सीट न काढता हाताला लागेल असा ठेवावा आणि एक जास्तीचा त्याच्या शेजारीच चिकटवून द्यावा. पंखा आहे म्हणून गाडी गडावर किंवा राखीव जंगलात नेऊ नये. माळ आणि खासगी रानं पुरेशी आहेत. आणि पाणी कितीही उकळताना दिसलं तरी गरम गाडीचं झाकण उघडू नये. ते उघडलं की आतला दाब एकदम उतरतो, शंभरच्या वर गेलेलं पाणी त्याच क्षणी उसळतं, आणि झाकण धरलेला हात त्याच्या थेट वर असतो.